अडॅप्टर लावला, वर यूएसबीही लावली आणि लॅपटॉपचा पोर्ट गेला! असं का होतं?

माझा मावसभाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट काय, तर कुंडीतली माती सुकली की पंप आपोआप सुरू होणार. पंप १२ व्होल्टचा, म्हणून अडॅप्टरही १२ व्होल्टचा. त्यातूनच बक कन्व्हर्टरने ५ व्होल्ट काढले आणि आर्डुइनो उनोच्या '५ व्ही' लिहिलेल्या पिनला दिले. आठवडाभर सगळं मस्त चाललं. सबमिशनच्या आदल्या रात्री कोडमध्ये एक आकडा बदलायचा होता, म्हणून पठ्ठ्याने यूएसबी केबल लॅपटॉपला लावली. अडॅप्टर चालूच. स्क्रीनवर पॉवर सर्जचा मेसेज आला आणि पोर्ट बंद पडला. लॅपटॉप मावशीचा होता, तो विषय वेगळा.

त्याचा प्रश्न साधा होता. इकडून ५ व्होल्ट, तिकडूनही ५ व्होल्ट, मग बिघडलं कुठे?

तर भानगड अशी आहे की कागदावरचे ५ व्होल्ट प्रत्यक्षात कधीच नेमके ५ नसतात. लॅपटॉपचा पोर्ट ४.९ देत असेल, बक कन्व्हर्टर ५.२ देत असेल. गच्चीवर दोन टाक्या आहेत, एकीतलं पाणी थोडं वर, दुसरीतलं थोडं खाली, आणि दोघींना खालून पाइपने जोडलं तर काय होईल? वरच्या पातळीचं पाणी दुसऱ्या टाकीत शिरणार. इथे करंट तसाच उलटा लॅपटॉपमध्ये शिरतो. याला बॅकफीड म्हणतात. लॅपटॉपचा पोर्ट करंट द्यायला बनवलाय, घ्यायला नाही. जोडलेल्या उपकरणाने ५ व्होल्टच्या लाइनवर स्वतः वीज सोडायची नाही, असा यूएसबीचा नियमच आहे. आणि लॅपटॉप बंद असेल तर हेच ५ व्होल्ट थेट बंद पडलेल्या मदरबोर्डवर ढकलले जातात.

मग आर्डुइनोवाल्यांनी काही सोय केली नाही का? केलीय, आणि चांगली केलीय. उनोवर एक छोटा कंपॅरेटर असतो. तो 'व्ही-इन' पिनवरचं व्होल्टेज अर्धं करून ३.३ व्होल्टशी ताडून बघतो. म्हणजे व्ही-इनवर साधारण ६.६ व्होल्टच्या वर काही आलं की तो यूएसबीकडून येणारी वीज मॉस्फेटने तोडतो आणि बोर्ड अडॅप्टरवर चालतो. डेटा मात्र चालू राहतो. गोल जॅकला ७ ते १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून वर यूएसबी लावली तरी काही होत नाही, ते यामुळेच.

पण '५ व्ही' पिन ही त्या पहारेकऱ्याच्या मागची बाजू आहे. तिथून वीज दिली तर व्ही-इनवर पुरेसं व्होल्टेज येत नाही, कंपॅरेटरला वाटतं अडॅप्टर नाहीच, आणि तो यूएसबीचा रस्ता उघडा ठेवतो. झाल्या दोन टाक्या जोडून! मध्ये ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज आहे, पण तो तापल्यावर काम करतो. उलटा करंट त्याहून कमी असेल तर त्याला पत्ताही लागत नाही.

बाकी बोर्डांवर तऱ्हा वेगळ्या. रास्पबेरी पाय पिकोवर यूएसबीची वीज एका शॉटकी डायोडमधून 'व्हीसिस' पिनवर जाते. डायोड म्हणजे प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतो तोच, पाणी एकाच दिशेने. बाहेरची वीज व्हीसिसलाच द्यायची, तीही स्वतःच्या वेगळ्या शॉटकी डायोडमधून. '१एन५८१९' मागा, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काही रुपयांत मिळतो. शेजारच्या 'व्हीबस' पिनला बाहेरून वीज दिलीत की गेलात. ईएसपी३२ डेव्हकिटसी बोर्डाच्या गाइडमध्ये तर कंपनीने स्पष्टच लिहिलंय की यूएसबी, ५ व्होल्टची पिन आणि ३.३ व्होल्टची पिन यापैकी एकाच मार्गाने वीज द्या, नाहीतर बोर्ड किंवा सप्लाय खराब होऊ शकतो. वाचतं कोण, ते सोडा.

डायोडमध्ये साधारण ०.३ ते ०.४ व्होल्ट खर्च होतात हे लक्षात ठेवा. उनो सेन्सरचं रीडिंग स्वतःच्या ५ व्होल्टशी तुलना करून काढतो. ते ५ चे ४.६ झाले की ओल्या मातीचा आकडाही बदलतो, आणि आपण सेन्सरला शिव्या घालत बसतो.

यूएसबीची लाल वायर कापायचा जुगाडही नेटवर फिरतो. वीज थांबते हे खरं, पण सगळ्या बोर्डांवर तो चालत नाही. काही बोर्डांची यूएसबी चिप त्याच वायरवर जगते किंवा लॅपटॉप जोडलाय हे त्यावरूनच ओळखते. मी तरी चांगली केबल कापणार नाही.

शंका असेल तर मल्टीमीटर काढा. बोर्ड बाहेरच्या विजेवर चालू ठेवा, यूएसबी केबल फक्त बोर्डाला लावा, आणि मोकळ्या टोकाच्या अगदी बाहेरच्या दोन पट्ट्यांवर, एकमेकींना न चिकटवता, व्होल्टेज बघा. साडेचार-पाच व्होल्ट दिसले तर ते टोक लॅपटॉपला लावायचं नाही.

कधीकधी बॅकफीड नसतो, तरी पंप सुरू-बंद झाला की कॉम पोर्ट गायब होतो. ते मोटरच्या झटक्यामुळे. मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड लावा, आणि पंपाची ग्राउंड वायर बोर्डातून न फिरवता थेट सप्लायपर्यंत न्या. रिलेवर घरातली २३० व्होल्टची लाइन असेल तर ती चालू असताना लॅपटॉप जोडूच नका.

भावाने आता बक कन्व्हर्टर ८ व्होल्टवर आणलाय आणि वायर '५ व्ही'वरून काढून व्ही-इनला लावलीय. तिथे प्लस-मायनस उलटं झालं तर वाचवायला डायोड नसतो, म्हणून दोनदा तपासून. डावीकडचा पोर्ट काही परत आला नाही. कोड उजवीकडून अपलोड होतो.