मुरमांवरचे मलम : चार दिवसांचे आणि तीन महिन्यांचे

मुरूम म्हटले की आपल्या भंडारा जिल्ह्यात आधी डोळ्यांपुढे येतो तो गावरस्त्यावर टाकलेला मुरूम. आज मात्र बोलायचे आहे ते चेहऱ्यावरच्या मुरमांविषयी. पुस्तकी भाषेत त्यांना तारुण्यपीटिका म्हणतात. शाळा पवनीची असो, साकोलीची असो की लाखांदूरची, नववी-दहावीच्या वर्गात डोकावून पाहा. कितीतरी मुलामुलींच्या कपाळावर आणि गालांवर हे दाणे दिसतील. दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेत त्याला मुखदूषिका असे नाव असून काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. सावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ती लगेच पटेल.

हे दाणे येतात कसे? आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक पिशव्या असतात. मूल वयात येऊ लागले की शरीरातील नव्या स्रावांमुळे या पिशव्या अधिक तेल सोडू लागतात. त्याच सुमारास छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचा पापुद्रा साचून बूच बसते. धानाच्या बांधीतून पाणी काढायची वाट काडीकचऱ्याने बुजली की मागे पाणी तुंबते ना, तसेच हे. तुंबलेल्या तेलात एका जातीचे जंतू वाढतात. मग तो दाणा लाल होतो, दुखतो, त्यात पू धरतो. काही दाण्यांचे टोक काळे दिसते. तो मळ नव्हे. कातडीतलेच रंगद्रव्य आणि तेल यांना हवा लागून तो रंग येतो. म्हणून दिवसातून दहा वेळा साबण घासला तरी तो जायचा नाही. उलट कातडी मात्र सोलवटून निघेल. सौम्य साबणाने दोनदा तोंड धुतले की पुरे.

दाणे बारीक असतील, थोडे लाल असतील, पण खोल गाठी नसतील, तर बहुधा वरून लावायच्या औषधांनी भागते. त्यांपैकी दोन नावे लक्षात ठेवावीत.

पहिले बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे जंतूंना मारते आणि छिद्राचे बूचही थोडे सैल करते. अडीच टक्क्यांचे औषध दहा टक्क्यांच्या औषधाइतकेच काम करते आणि आग कमी करते. तेव्हा जास्त जहाल ते जास्त गुणकारी, असे येथे समजू नये. एक सावधगिरी मात्र हवी. याने कपड्याचा रंग उडतो. रंगीत ओढणी, उशीचा अभ्रा जपावा.

दुसरे ॲडापलीन. हे 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीतले औषध असून बूच बसूच देत नाही. रात्री तोंड धुऊन, कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर, वाटाण्याएवढे औषध साऱ्या चेहऱ्याला पातळ पसरून लावायचे. नुसत्या फोडावर टिकली लावल्यासारखे लावून उपयोग नाही. कारण उद्याचा फोड आज न दिसणाऱ्या जागी तयार होत असतो. डोळे, ओठ आणि नाकपुडीचे कोपरे टाळावेत. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, चुरचुरते. अशा वेळी एक दिवसाआड लावावे. उन्हाचा त्रास अधिक जाणवतो, म्हणून रोवणीला किंवा मे महिन्याच्या उन्हात बाहेर जाताना दुपट्ट्याने चेहरा झाकावा. गरोदर बाईने मात्र हे औषध लावू नये. तिच्यासाठी अझेलाइक आम्लासारखी वेगळी औषधे डॉक्टर देतात.

क्लिन्डामायसिनसारखे जंतुनाशक मलमही मिळते. पण ते एकटेच महिनोन्‌महिने लावले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही औषधे सावकाश काम करतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फोड वाढल्यासारखेही वाटतात. खरा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. धान पेरला म्हणून आठव्या दिवशी कोणी विळा घेऊन बांधीत जात नाही. तोच धीर येथे हवा. पण नेमका हाच धीर सुटतो. मुलीला पाहायला पाहुणे यायचे असतात, कुणाचे लग्न तोंडावर असते, मग कोणीतरी सांगते, "अमकी ट्यूब आण, चार दिवसांत चेहरा उजळतो."

उजळतो खरा! कारण त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असते. ते लाली आणि सूज झटकन दाबते. पण ते महिनोन्‌महिने लावत राहिले की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि स्टिरॉइडचेच नवे फोड उठतात. लावणे थांबवले की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब घेतो. असे चेहरे देशभर इतके दिसू लागले, की २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली. तरीही ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय ठेवा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ते मुरमांचे औषध नव्हे. कोणी ते आधीच लावत असेल, तर ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवावे.

घरगुती उपायांबद्दल थोडेसे. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, लसूण यांनी कातडी भाजते आणि काळे डाग मागे राहतात. फोड नखाने फोडला तर खड्डा पडतो, तो जन्माचा. केसांना चोपडलेले तेल कपाळावर ओघळू देऊ नये. खाण्यापिण्यात साखरेचा अतिरेक काहींना बाधतो. बाकी मुरमांसाठी पोरांचे पान उपाशी ठेवण्याचे कारण नाही.

खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, मुलीची पाळी अनियमित असून ओठांवर केस वाढत असतील, किंवा तीन महिने नेटाने औषध लावूनही गुण नसेल, तर घरी थांबू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जावे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. या वयात आरसा फार कठोर असतो. मुरमांवरून पडलेल्या टोपणनावाने एखादा मुलगा फळ्यापाशी यायचे टाळतो, एखादी मुलगी शाळा बुडवते. वर्गातले हसणे तुम्ही थांबवू शकता. आरोग्याच्या तासाला दहा मिनिटे काढून एवढेच सांगा : हा रोग घाणीचा नाही, लाजेचा नाही, संसर्गाचाही नाही; याला औषध आहे, आणि ते तीन महिन्यांचे आहे, चार दिवसांचे नव्हे. तेवढ्याने कितीतरी चेहरे त्या ट्यूबपासून वाचतील.