शिवणातली माया

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'माया' या शब्दाचा एकच अर्थ मला माहीत होता. दुसरा अर्थ यंदाच्या मे महिन्यात नागपूरला आजीकडे कळला, आणि तोसुद्धा एक कुर्ता बिघडवल्यावर!

आजी पूर्वी घरातल्या सगळ्यांचे कपडे स्वतः शिवायची. दोन वर्षांपूर्वी ती पडली आणि तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मशीन झाकूनच होतं. नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या आसपास. म्हटलं, मलमलचा एक सैल कुर्ता आपणच शिवू. आईच्या कुर्त्याचा कागदी बेत घरात होताच. आईची छाती 40 इंच, माझी 34. इंजिनिअरिंगचं डोकं लगेच चाललं: 34 भागिले 40 म्हणजे 0.85. सगळ्या मापांना 0.85 ने गुणलं, कापड कापलं, शिवलं. झालं काम!

घालून बघितला तर हातच वर होईना. खांदा 15 चा पावणेतेरा झाला होता, माझा आहे 14. साडेआठचा मुंढा सव्वासात झाला आणि 40 ची उंची 34 वर आली. माणूस म्हणजे काही झेरॉक्स नाही! छातीत सहा इंचांचा फरक असला तरी खांद्यात जेमतेम इंचभराचा असतो, आणि उंचीचा तर छातीशी संबंधच नाही. म्हणजे प्रत्येक माप वेगळं घ्यायला हवं.

आजीने शिवण उलटून पाहिली. "अगं, माया ठेवलीच नाहीस?"

माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड. बेतातली एक इंच मायासुद्धा मी 0.85 ने गुणली होती आणि उरलेली 'वेस्ट' समजून छाटली होती. उसवून मोठं करायला काही शिल्लकच नव्हतं. मग आजीने काखेत चार इंचांचा चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगळा, लावायला सांगितला. हात उचलला की तो उघडतो. कुर्ता वाचला.

आता रीत सांगते. सुती कापड आटतं, म्हणून आधी भिजवून वाळवा. उभा धागा अंगाच्या उंचीला ठेवा. छाती 34 असेल तर उन्हाळ्यासाठी 4 इंच सैल धरून 38. कापडाची चौघडी केली की चौथा भाग साडेनऊ, वर 1 इंच माया, म्हणजे साडेदहावर कापा. हे 4 इंच म्हणजे आपला 'क्लिअरन्स फिट'. त्यातून हवा खेळते आणि घाम वाळतो. गळ्याला उरेब पट्टी लावा, कारण तिरकं कापड ताणतं आणि गोलाईत नीट बसतं. आणि टीप घालण्याआधी कच्चा धावदोरा घालून एकदा अंगावर बघाच.

दुसरा कपडा आजीचा गाऊन. डोक्यावरून घालायचे गाऊन तिला आईच्या मदतीशिवाय घालता येत नव्हते. तिला ते आवडायचं नाही, पण ती बोलायची नाही. आम्ही त्याच बेताचा पुढचा भाग मधोमध उघडा केला, बटणपट्टीसाठी दोन्हीकडे दीड-दीड इंच वाढवलं, मुंढा खोल आणि बाही रुंद केली. पाठीला बाक आलाय, म्हणून मागची बाजू दीड इंच लांब ठेवली, नाहीतर मागून गाऊन वर उचलला जातो. आजी पाटावर बसून सांगत होती, मी कापत होते. माया मात्र या वेळी भरपूर ठेवली.

पहिल्या दिवशी तिने आधी दुखरा हात बाहीत घातला, मग चांगला. स्वतः बटणं लावली आणि बाहेर येऊन म्हणाली, "चहा कोण करतंय?"

तर दोस्तांनो, होल आणि शाफ्टच्या ड्रॉइंगवर यापुढे 'अलाउन्स' लिहिताना मला आजीची शिवण आठवणार. सुट्टीत एखादं मशीन धूळ खात दिसलं तर झाकण उघडून बघा. शिकवणारं माणूस बहुतेक शेजारच्याच खोलीत असतं.