धबधब्याच्या अलीकडचं प्रदर्शन

पावसाळी रविवारी आजऱ्याकडून येणाऱ्या गाड्या आंबोली गावात थांबत नाहीत. सगळ्यांना घाटातला धबधबा गाठायचा असतो. त्यांच्या वाटेवरच, एका चहाच्या टपरीमागच्या आवारात, बांबूंना सुतळीनं बांधलेलं छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. सगळी चित्रं फ्लेक्सवर. कागदाला इथं दोन दिवसांत बुरशी धरते, असं छायाचित्रकार सर म्हणाले. वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावात यावर वाद कोण घालणार?

वेंगुर्ला बंदर ते बेळगावची छावणी हा जुना रस्ता, थंड हवेचं ठिकाण वसवणारा कर्नल वेस्ट्रॉप, हे सगळ्यांना पाठ आहे. सरांच्या चित्रांत यातलं काहीच नाही. एका फ्लेक्सवर होता आंबोली टोड: अंगठ्याच्या पेराएवढा, तपकिरी अंगावर पिवळे पट्टे. शास्त्रीय नाव मिळालं २००९ साली. पहिल्या सरींनंतर जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, खळग्यांत बोटभर पाणी साचतं, तिथं याची वीण होते. डबकं आटायच्या आत पिल्लांनी पाय फोडून बाहेर पडायचं. आंबोली परिसराबाहेर हा प्राणी जवळजवळ नाहीच.

सर गावातलेच, निवृत्त शिक्षक. रेनकोट घालून सड्यावर पालथे पडतात, शेजारी भाचा कॅमेऱ्यावर छत्री धरतो. बेडकाला हात लावायचा नाही, हा नियम. "गावलो तर गावलो, नायतर घराक," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. हल्ली रात्री टोळ्यांनी येणारे हौशी लोक मलबारी उडता बेडूक उचलून शोभिवंत पानावर बसवतात आणि आळीपाळीनं फ्लॅश मारतात. सरांच्या चित्रात त्याच बेडकाच्या तोंडावर काटकी आडवी आली आहे. ती तशीच ठेवली, म्हणूनच चित्र खरं वाटतं.

गावाजवळच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या माशाचं चित्र मात्र प्रदर्शनात नाही. २०२० मध्ये ही नवी प्रजाती म्हणून नोंदली गेली, पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. पण चित्रासाठी कुंडात उतरावं लागलं असतं, आणि ते सरांना पटलं नाही.

इतकं असून रस्त्यावर प्रदर्शनाचा साधा फलक नव्हता. वडापावचे मात्र दहा. पाहायला आलेले बहुतेक चहासाठी थांबलेले. कुणी कणसाचं बोडूक बांबूखालीच टाकून गेलं.

चित्रांतले हे जीव घाटातही भेटतात, म्हणून पावसाळ्यात घाट शक्यतो दिवसा उतरा. रात्रीच जावं लागलं तर गाडी हळू हाका. ओल्या रस्त्यावर बेडूक आणि साप चाकांखाली येतात.