सुरू होता होता पुन्हा सुरू होणारा संगणक



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत यंत्राच्या दुरुस्तीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे यंत्रमागाच्या खात्यात आणि वाचनालयात झाले. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव मी आणणार नाही. परंतु दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या घरचा संगणक बिघडला, आणि त्यात बंद पडलेल्या एका कारखान्यातील एक्केचाळीस कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे हिशेब होते. सुनावणी नऊ दिवसांवर आलेली. त्या नऊ दिवसांत जे कळले ते सांगतो.

रोग असा होता : कळ दाबली की पंखा फिरे, पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटे, ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागे, आणि एकाएकी पडदा काळा होई. पुन्हा चिन्ह, पुन्हा वर्तुळ. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर झाकणही न उघडता उत्तर मिळाले, "फॉर्मॅट मारावा लागेल." फॉर्मॅट म्हणजे डिस्कवरचे सगळे लिखाण पुसून नवी मांडणी करणे. आमच्याकडे याला विनाचौकशी बडतर्फी म्हणतात. मी संगणक रिक्षात घालून घरी परत आणला.

चौकशी करायची तर आधी कामाचा क्रम माहीत हवा. वीजपुरवठ्याची पेटी घरची २३० व्होल्टची वीज घेते आणि आत १२, ५ व ३.३ व्होल्ट अशी वाटून देते. वाटणी ठीक झाल्याची खूण तिने दिल्याखेरीज प्रोसेसर कामाला हात लावत नाही. चालता चालता ती खूण मोडली, तर यंत्र पहिल्यापासून सुरुवात करते. मग मुख्य फलकावरच्या चिपमधला बायोस हजेरी घेतो : मेमरी आहे काय, कीबोर्ड आहे काय, डिस्क आहे काय. हजेरी झाल्यावर डिस्कवरून विंडोजचा गाभा आणि त्यामागून ड्रायव्हर, म्हणजे एकेका भागाला कामाला लावणारे मुकादम, मेमरीत येतात. यांपैकी एखाद्याने मोठा घोटाळा केला, की विंडोज स्वतःच काम थांबवते आणि ठराविक रीतीप्रमाणे यंत्र आपोआप पुन्हा सुरू करते. घोटाळा तसाच असतो, म्हणून फेरा संपत नाही.

याचे जगाने पाहिलेले उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीसाठी एक सदोष फाइल पाठविली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. विमानतळांवर रांगा लागल्या. फाइल सुमारे सव्वा तासाने मागे घेतली गेली, पण पुष्कळ यंत्रे नवी फाइल घेण्याइतकीही जागी राहत नव्हती. अखेर माणसांनी एकेका यंत्रापाशी बसून, सेफ मोडमध्ये ते सुरू करून, ती फाइल हाताने पुसली. सेफ मोडमध्ये अत्यावश्यक मुकादमांनाच बोलावले जाते, म्हणून तेथे यंत्र टिकते. इतक्या रात्रपाळ्या कोणी मोजल्या असतील, असे मला वाटत नाही.

आता आपल्या घरी पहिला प्रश्न एकच : यंत्र कोठे मोडते? पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून ठेवा. यंत्र लावताच एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसच्या पडद्यावर जा (कोणती कळ, ते कंपनीगणिक बदलते) आणि पंधरा मिनिटे स्वस्थ बसा. तेथेही ते मोडले तर विंडोज निर्दोष समजावे. संशय वीजपुरवठा, उष्णता, मेमरी, किंवा अडकून बसलेली रीसेटची कळ यांवर. धूळ झाडा, पंखे पाहा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

तेथे यंत्र टिकले, तर पुढे चला. सुरुवात लागोपाठ काही वेळा फसली की आजचे विंडोज दुरुस्तीचा पडदा आपण होऊन दाखवते. त्यात सेफ मोड आहे, नुकतेच आलेले अपडेट काढण्याची सोय आहे, आणि आपोआप पुन्हा सुरू होणे थांबविण्याचीही. ही शेवटची मला सर्वांत उपयोगी पडली, कारण निळा पडदा स्थिर राहिला आणि त्यावरचा दोषाचा शब्द वाचता आला. तो दर खेपेस निराळा होता. दोष एकाच फाइलीचा असता तर साक्ष बहुधा एकच राहिली असती. साक्ष सारखी फिरते तेव्हा मेमरीकडे पाहावे.

प्लग काढला, झाकण उघडले. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. पितळी रंगाचे दात शाळेच्या खोडरबराने हलके पुसले. फरक पडला नाही. मग एकच पट्टी ठेवून यंत्र लावले, नंतर त्याच खोबणीत दुसरी. पहिलीवर यंत्र निमूट चालले, दुसरीवर पुन्हा तोच फेरा. खोबणी तीच, म्हणजे दोष पट्टीचा. सगळी चौकशी दोन संध्याकाळींत आटोपली, आणि अर्ध्या मेमरीवर रखडत का होईना, एक्केचाळीस हिशेब छापून निघाले.

एक गोष्ट राहिली. विंडोज ११ च्या पुष्कळ नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते, आणि दुरुस्तीच्या वेळी ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात सापडते. संगणक धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून घ्यावी. आमच्या घरी ती शिधापत्रिकेच्या पिशवीत असते.