दर्या की दऱ्या? एका तक्रारीची छाननी

समजा, बुलढाणा जिल्ह्यातील एका शाळेत सहामाहीची प्रश्नपत्रिका संगणकावर तयार होत आहे. प्रश्न असा : ‘जळगाव जामोदच्या उत्तरेस कोणत्या पर्वताच्या दऱ्या आहेत?’ छापील कागदावर मात्र ‘दर्या’ उमटला. सातपुड्यात समुद्र!

वापरलेले सॉफ्टवेअर लिबरऑफिस असेल, तर ही तक्रार आपल्याला थेट नोंदवता येते. त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे, तशी तक्रारींची वहीही. पण तक्रारी जगभरातून येतात आणि हात मोजके असतात. म्हणून दुरुस्तीआधी छाननी हवी. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरे जखमींचा हुद्दा न पाहता जखम पाहून क्रम लावत असे, तसेच हे.

नवी तक्रार आधी ‘अपुष्ट’ मानतात. तक्रारदाराने ती स्वतःच पक्की करायची नाही. दुसऱ्या कोणी आपल्या संगणकावर तीच कृती करून तोच परिणाम मिळवायचा. प्रयोगवहीचाच हा नियम. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच लिहिले तर तक्रार ‘माहिती हवी’ या खणात पडून राहते. आवृत्ती कोणती, फाँट कोणता, कोणत्या कळा दाबल्या, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे सर्व लागते. तीच तक्रार आधी कोणी केली असल्यास दोन्ही जोडून टाकतात.

मग खरा प्रश्न : दोष कोणाचा? युनिकोडमध्ये ‘र’चा क्रमांक ०९३० आणि ‘ऱ’चा ०९३१. इन्स्क्रिप्ट कळफलकावर दोन्ही एकाच कळीवर आहेत. ‘ऱ’साठी शिफ्ट दाबावी लागते. ती राहून गेली असेल तर रफार येणे बरोबरच आहे आणि तक्रार बंद होते. ‘ऱ’ टंकूनही रफार आला तर फाँट बदलून पाहावा. दुसऱ्या फाँटमध्ये अक्षर नीट दिसले, तर संशय पहिल्या फाँटवर. सर्वच फाँटमध्ये चुकले, तर तोच मजकूर फायरफॉक्समध्ये उघडावा. अक्षरे जुळवण्यासाठी दोन्ही सॉफ्टवेअर हार्फबझ नावाचा एकच घटक वापरतात. दोन्हीकडे चूक दिसली तर संशय हार्फबझवर जातो आणि तक्रार त्या वेगळ्या प्रकल्पाकडे पाठवावी लागते.

शेवटी गांभीर्य. डेबियन या प्रकल्पात त्याच्या सात पायऱ्या आहेत. माहिती नष्ट करणारे दोष वरच्या पायऱ्यांवर, नुसत्या सूचना सर्वांत खाली. मराठी न जाणणाऱ्या प्रोग्रामरला रफार आणि अर्धा ऱ ही एकाच अक्षराची दोन वळणे वाटतील व तो दोष किरकोळ ठरवील. ‘दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग’ हे एक वाक्य तक्रारीत असेल तर पायरी बदलू शकते. आमच्या मते हे वाक्य लिहायला शिक्षकाइतका योग्य माणूस नाही.

जाता जाता एक प्रयोग. साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांनीही तेच अक्षर बनते. दोन्ही रीतींनी ‘दऱ्या’ लिहा, मग एक शोधून दुसरी सापडते का ते पाहा. न सापडल्यास तक्रार कशी लिहाल?