मानोऱ्यातला 'ऱ' नीट उमटतो का? मराठीसाठी कीबोर्ड निवडताना काय पाहाल

'मानोरा' हा शब्द टाइप करणे सोपे आहे. आता 'मानोऱ्यात' टाइप करून पाहा. अनेकांच्या स्क्रीनवर 'मानोर्यात' असे काहीतरी उमटेल. य वर रफार बसेल आणि वाशिम जिल्ह्यातल्या या तालुक्याचे नाव चुकीचे लिहिले जाईल.

चूक टाइप करणाऱ्याची असतेच असे नाही. बऱ्याचदा ती कीबोर्डच्या निवडीत दडलेली असते. कीबोर्ड घेताना आपण किंमत, रंग, दिवे आणि बटणांचा आवाज बघतो. मराठीत काम करायचे असेल, तर त्याआधी बघायची गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे ले-आउट, अर्थात कोणत्या बटणावर कोणते अक्षर.

'ऱ' इतका महत्त्वाचा का?

मराठीत 'रा' किंवा 'री'ने संपणाऱ्या अनेक शब्दांना प्रत्यय लागला की 'ऱ्य' येतो. मानोरा-मानोऱ्यात, सातारा-साताऱ्याला, शेतकरी-शेतकऱ्यांना, कर्मचारी-कर्मचाऱ्यांचे. आपण राहतो त्या वऱ्हाडाच्या नावातही तोच 'ऱ' आहे. सरकारी पत्र, पीकविम्याचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव यांतले कोणतेही पान घ्या, 'ऱ' टाळता येत नाही.

अर्थही बदलतो. 'आचार्यांना' बोलावले म्हणजे गुरुजन येतील. 'आचाऱ्यांना' बोलावले म्हणजे स्वयंपाकी.

तीन ले-आउट, तीन सवयी

१. रेमिंग्टन : इंग्रजी कीबोर्डचा आजचा 'क्वर्टी' क्रम अमेरिकेत ख्रिस्तोफर शोल्स यांच्या टाइपरायटरमधून आला. १८७०च्या दशकात रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. पुढे देवनागरी टाइपरायटरच्या मांडणीलाही 'रेमिंग्टन' हेच नाव चिकटले. आपल्याकडच्या टायपिंग क्लासमध्ये पिढ्यानपिढ्या हात याच मांडणीवर बसले. यात अक्षर जसे दिसते तसे टाइप करायचे असते. 'कि' लिहायचे तर आधी वेलांटी, मग 'क'. टाइपरायटरवर कागद एकाच दिशेने सरकत असल्यामुळे डावीकडचे चिन्ह आधी उमटवणे भाग होते. टाइपरायटर गेले, सवय राहिली.

२. इनस्क्रिप्ट : १९८०च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांसाठी ही मांडणी ठरवली. १९९१ मध्ये ती भारतीय मानकाचा भाग झाली. यात उच्चाराप्रमाणे टाइप करायचे असते, म्हणजे आधी 'क', मग वेलांटी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'जे' या बटणावर 'र' आहे आणि शिफ्ट धरून 'जे' दाबले की थेट 'ऱ' मिळतो. 'मानोऱ्यात' या शब्दाला नऊ बटणे आणि एकदा शिफ्ट, एवढेच लागते. दुसरा फायदा म्हणजे गुजराती, कन्नड, तेलुगू अशा भाषांतही 'क'ची जागा तीच राहते.

३. फोनेटिक : इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि मराठी मिळवायचे. शिकायला वेळ लागत नाही, म्हणून फोनवर हाच प्रकार सर्वांत सोयीचा वाटतो. मे २०१९च्या अपडेटपासून विंडोज १० मध्येही मराठी फोनेटिक कीबोर्ड आला. अडचण अशी की 'र्य' आणि 'ऱ्य' हा फरक इंग्रजी स्पेलिंगमध्ये दिसत नाही. मग एक तर सुचवलेल्या यादीतून योग्य शब्द निवडायचा किंवा त्या साधनाची 'ऱ'साठीची खूण पाठ करायची. यादीकडे न बघता स्पेस दाबला की चूक कायम होते. वेबसाइटवर चालणारी अशी साधने नेट गेले की बंदही पडतात. इनस्क्रिप्ट मात्र विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासून असते. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की झाले.

स्क्रीनवर सारखे, आत वेगळे

ले-आउट आणि फॉन्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे चित्र चढवतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मानोरा' संगणकाच्या लेखी ई-के-यू-के-एस-जे-के ही सात इंग्रजी अक्षरे असतात. ज्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, तिथे हीच सात अक्षरे दिसतात. फाइलमध्ये 'मानोरा' शोधला तर तो सापडत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरीला १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत १२८ जागांचा विभाग मिळाला. त्यामुळे युनिकोडमधला मजकूर कोणत्याही फोनवर वाचता आणि शोधता येतो.

तरीही एक खाच उरतेच. 'ॲ' या मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी 'अ'वर चंद्र जोडून काम भागवले जायचे आणि अनेक कीबोर्ड आजही तेच करतात. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकासाठी वेगळे. एकाने 'ॲड.' असे एका पद्धतीने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर समोर असलेले नाव यादीत सापडत नाही. 'ऱ्य'बाबतही असेच होते. काही जुनी साधने 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून तसाच आकार तयार करतात. लाभार्थ्यांच्या यादीत असे झाले, तर त्या माणसाला पुन्हा चक्कर मारावी लागते.

बटणांचे काय? मेकॅनिकल घ्यावा का?

साध्या मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचा थर असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच असतो. त्यात ढोबळमानाने तीन प्रकार येतात : टकटक आवाज करणारे (बहुधा निळे), आवाजाशिवाय हलका अडथळा जाणवणारे (तपकिरी) आणि सरळ खाली जाणारे (लाल). हा आवडीचा भाग आहे. दिवसभर टायपिंग करणाऱ्याला मेकॅनिकलचा टिकाऊपणा उपयोगी पडतो. मात्र चार टेबले असलेल्या खोलीत निळा स्विच शेजाऱ्याचे डोके उठवतो.

मराठीसाठी त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत.

पहिली, उजवीकडचे शिफ्ट. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, उ, ए आणि ण ही अक्षरे डाव्या हाताची, तीही शिफ्टसह. म्हणजे शिफ्ट उजव्या हाताने धरावे लागते. काही छोट्या लॅपटॉप आणि कॉम्पॅक्ट कीबोर्डवर उजवे शिफ्ट अर्धेच असते. इंग्रजीत ते चालून जाते, मराठीत करंगळी शेजारच्या बटणावर घसरते.

दुसरी, कडेची चिन्हे. इंग्रजीत अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरकी रेघ यांची बटणे कमी वापरली जातात, म्हणून काही कंपन्या ती बारीक करतात किंवा हलवतात. इनस्क्रिप्टमध्ये त्याच बटणांवर च, ट, ड आणि य आहेत. 'य' शिवाय मराठीचे एक वाक्य पुढे सरकत नाही.

मग कोणी काय निवडावे?

* टायपिंग परीक्षेची तयारी करणारे : लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागितला जातो. पाच ठोक्यांचा एक शब्द धरला तर सेकंदाला अडीच ठोके. हा वेग बोटांच्या सवयीतून येतो आणि मध्येच ले-आउट बदलला की तो खाली येतो. आधी परीक्षेची सूचना वाचा, तिथे जो ले-आउट मिळणार आहे त्याचाच सराव करा.
* रेमिंग्टनवर हात बसलेले : सवय मोडायची गरज नाही. रेमिंग्टनच्याच मांडणीतून युनिकोड मजकूर देणारी साधने उपलब्ध आहेत. बदलायचा आहे तो जुना फॉन्ट.
* नव्याने शिकणारे विद्यार्थी : इनस्क्रिप्ट शिका. सुरुवातीचे काही आठवडे कंटाळवाणे जातील, पण नंतर यादी बघत बसावे लागत नाही. बटणांवर लावायचे देवनागरी स्टिकर स्वस्तात मिळतात.
* फोनवर अधूनमधून लिहिणारे : फोनेटिक पुरेसे आहे. फक्त पाठवण्याआधी 'ऱ' असलेले शब्द एकदा बघून घ्या.

दुकानात कीबोर्ड हाती आला की संगणकावर मराठी सुरू करायला सांगा आणि तीन शब्द टाइप करा : मानोऱ्यात, ॲप, प्रमाणपत्र. पहिले दोन शब्द ले-आउटची परीक्षा घेतात, तिसऱ्यातला 'ण' उजव्या शिफ्टची. तिन्ही शब्द न अडखळता उमटले, तर पैसे द्यायला हरकत नाही.