नेम, हाडं आणि पन्हाळ्याचा चढ

समोर ५० मीटरवर लक्ष्य. त्याच्या मधोमध १०.४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, म्हणजे एका सेंटिमीटरहून जेमतेम मोठं. त्यात गोळी बसली की १० गुण. पोटावर पालथं पडून, रायफल खांद्यात घट्ट धरून अशा ६० गोळ्या झाडायच्या. ८ ऑगस्ट २०१० रोजी म्युनिकच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ६०० पैकी ५९७ गुण मिळवले. ६० गोळ्यांत गुण गेले ते फक्त तीन. ही त्या वेळच्या विश्वविक्रमाशी बरोबरी होती. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री.

यातली अवघड बाब साध्या गणितात दिसते. रायफल साधारण एक मीटर लांबीची धरू. तिचं तोंड एक दशांश मिलिमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीइतकं सरकलं, तर ५० मीटरवर गोळी पाच मिलिमीटर सरकते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२ मिलिमीटर. एका केसाइतकी हालचाल झाली की गोळी वर्तुळाच्या कडेशी पोहोचली. आणि झाडणारीचं हृदय तर धडधडतच असतं! प्रत्येक ठोक्याला दंडातली नाडी उडते, दंडाला बांधलेल्या पट्ट्यातून तो हिसका रायफलीत उतरतो. म्हणून पट्टा दंडावर नेमका कुठे बांधायचा हे शिकण्यातच पुष्कळ सराव खर्ची पडतो. अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं आणि घोडा दाबायचा. कसलेल्या नेमबाजांच्या हृदयाची गती गोळी सुटण्याच्या आधीच्या काही सेकंदांत मंदावते, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्याच क्षणी मेंदूच्या डाव्या बाजूचा, बोलण्याशी निगडित असलेला भाग शांत होत जातो. आपण मनातल्या मनात सतत जी बडबड करत असतो, ती त्या वेळी बंद पडते.

गंमत अशी की कोल्हापूरचा खेळाडू जिंकला की लोक 'कोल्हापूरची रग' म्हणून मोकळे होतात. नेमबाजीत रग कामाची नाही. तिथे लागतो तो याच्या अगदी उलटा गुण.

तेजस्विनी शिकली उषाराजे हायस्कूलमध्ये. तिच्यामागून त्याच शाळेतून राही सरनोबत आली. तेजस्विनीने २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तेव्हा राही पंधरा वर्षांची होती. २०१३ साली दक्षिण कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात राहीने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय नेमबाज. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ती आणि थायलंडची प्रतिस्पर्धी प्रत्येकी ३४ वर बरोबरीत आल्या. निकालासाठी जादा फेरी झाली, तीही बरोबरीत सुटली. दुसऱ्या जादा फेरीत राही जिंकली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. त्याच वर्षी, ३७ वर्षांची तेजस्विनी गोल्ड कोस्टला पुन्हा राष्ट्रकुल सुवर्ण घेऊन आली.

एक शहर, एक शाळा आणि दोन 'पहिल्या'. हा योगायोग म्हणायचा का? खेळाडू असे पुंजक्यांनी का उगवतात याचं उत्तर हवेत किंवा पाण्यात शोधण्याआधी शाळेच्या पटावर शोधावं. जयसिंग कुसाळे यांच्यासारखा प्रशिक्षक गावात होता. सरावाची जागा होती. आणि राहीपुढे एक चेहरा होता, आपल्याच शाळेच्या गणवेशात वावरून गेलेला. परदेशी विजेती कितीही मोठी असो, तिच्याकडे पाहून मुलीला कौतुक वाटतं. आपल्याच शाळेतली मुलगी जिंकली की तिला हिशेब सुचतो: ती कुठे शिकली, कोणाकडे जायची, किती वाजता जायची.

ही शाळा ताराराणी विद्यापीठाची. नाव ज्यांचं, त्या महाराणी ताराबाईंचा पन्हाळा इथून वीसेक किलोमीटरवर. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या. पुढची सात वर्षं, थेट औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, मराठ्यांची लढाई त्यांच्या आज्ञेने चालली. पन्हाळा १७०१ मध्ये मोगलांनी घेतला, तो परत मिळवून ताराबाईंनी तिथूनच कारभार केला. कोल्हापुरात कावळा नाक्याला त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. पुतळ्यात दिसतो तो घोडा आणि आवेश. प्रत्यक्षात कोणत्या सरदाराला कुठे धाडायचं, कोणता किल्ला किती दिवस लढवायचा आणि कधी सोडायचा, हे निर्णय त्यांचे होते. १७१४ मध्ये त्यांना पन्हाळ्यावरच कैद झाली. राजसबाईंनी, म्हणजे राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणीने, आपल्या मुलाला गादीवर बसवलं. पन्हाळ्याच्या राजकारणात दोन्ही बाजूंना बाया होत्या!

पण याच मुलखाचा दुसरा चेहराही सांगायला हवा. १९५० च्या दशकात हमीदा बानू नावाची पैलवान देशभर पुरुषांशी कुस्त्या करत फिरे. १९५४ साली बडोद्यात तिने बाबा पहलवानला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. कोल्हापुरात तिने शोभासिंग पंजाबीला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली आणि दगड मारले. शाहू महाराजांनी जिथे खासबागेचं मैदान बांधलं, कुस्तीतली बारीकसारीक पकड जिथे पोरासोरांना कळते, तिथे हे घडलं. कुस्ती कळणं निराळं आणि बाई जिंकलेली बघवणं निराळं. स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली. २०१६ मध्ये कोल्हापूरजवळच्या वडणगेच्या रेश्मा मानेने राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली. बडोद्याच्या त्या कुस्तीनंतर ६९ वर्षांनी.

दार लावून घेणं ही काही आपल्याकडचीच खोड नव्हे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रायफलच्या स्पर्धेत स्त्री-पुरुष एकत्र होते. अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक आणि तिचाच सहकारी लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले. बारकावे तपासून सुवर्ण बॅशमला दिलं गेलं. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्याने मर्डॉकला हात देऊन आपल्या पायरीवर घेतलं. १९९२ मध्ये बार्सिलोनात चीनच्या झांग शानने उडत्या तबकड्यांच्या 'स्कीट' प्रकारात सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या, म्हणजे १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवली गेली. जिंकलेल्या झांगला आपलं पदक राखायला उतरताच आलं नाही. स्त्रियांची वेगळी स्कीट आली ती २००० साली.

दार कोणत्या वयात लागतं, याकडे मात्र आपलं फारसं लक्ष नसतं. आपल्याकडे ते बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षी लागतं. सातवीपर्यंत मुलगी लंगडी, खो-खो, लगोरी काय वाटेल ते खेळते. पाळी सुरू होते, 'आता मोठी झालीस' हे वाक्य घरात येतं आणि संध्याकाळचं मैदान सुटतं. आणि शरीरशास्त्र सांगतं की हेच वय सगळ्यांत महागाचं आहे.

हाड म्हणजे काहीतरी निर्जीव, दगडासारखं, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ते आतून जिवंत असतं. त्याच्यात पेशींचं जाळं असतं, पेशींभोवतीच्या सूक्ष्म वाटांत द्रव असतो. आपण उडी मारून जमिनीवर आदळलो की हाड किंचित वाकतं, तो द्रव हलतो आणि पेशींना निरोप पोहोचतो की इथे भार येतोय, इथे भर घाला. हा निरोप सर्वांत जास्त ऐकला जातो तो वाढीच्या वयात. मुलींच्या हाडांत खनिज भरण्याचा वेग साधारण साडेबाराव्या वर्षी कमाल असतो. मोठेपणी शरीरात जेवढं अस्थिखनिज असणार, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या सुमाराच्या केवळ दोन वर्षांत जमा होतो. म्हातारपणी बहुतेकींचं जेवढं झिजतं, तेवढं या दोन वर्षांत कमावलेलं असतं.

फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही हात मोजले. युक्ती छान होती. माणूस तोच, आहार तोच, आनुवंशिकता तीच. फरक एवढाच की एका हातात रॅकेट. रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्याहून भरीव निघालं, यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. पाळी सुरू होण्याच्या आधी किंवा त्याच सुमाराला खेळू लागलेल्या स्त्रियांमध्ये हा फरक, पाळीनंतर पंधराहून अधिक वर्षांनी खेळू लागलेल्यांच्या तुलनेत दुपटीपासून चौपटीपर्यंत होता. २०२२ साली कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली, तेव्हा आपण पदकाचा, रँकिंगचा विचार केला. तिच्या उजव्या-डाव्या हाताच्या हाडांत तेव्हा काय चाललं असेल, ही गोष्टही तेवढीच ऐकण्यासारखी आहे.

आणि त्यासाठी टेनिसचं कोर्टच लागतं असं नाही. पन्हाळा आसपासच्या सपाटीपासून ४०० मीटरहून उंच उठतो. चढताना हृदय आणि फुप्फुसं कामाला लागतात, हे सगळ्यांना जाणवतं. उतरताना काय होतं, ते सहसा लक्षात येत नाही. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळून धरावे लागतात, तेच शरीराचे ब्रेक. म्हणून पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला गेलेल्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बोलतात. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, त्या रात्रीची आठवण म्हणून दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून मसाई पठारमार्गे ही वाट तुडवली जाते आणि त्या चिखलात मुलीही असतात. दर पावलाला पाय आपटतो, हाडांना निरोप जातो. पायथ्याच्या गावांतून गडावर जाऊन-येऊन असणाऱ्या पोरीला हा व्यायाम फुकटात मिळतो.

दम लागण्याचं एक कारण मात्र चढाशी संबंधित नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. लोह कमी म्हणजे स्नायूंपर्यंत ऑक्सिजन कमी. अशी मुलगी धावताना मागे पडली की तिला 'नाजूक' ठरवून बाजूला बसवणं सोपं असतं. मैदान आणि लोहाची गोळी या दोन्ही गोष्टी तिला एकत्र मिळायला हव्यात.

अडसर मनाचे असतात तितकेच वेळापत्रकाचेही. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे, हे मोठं काम झालं. पण शाळा सुटल्यावर लगेच एक गाडी आणि मग अंधार पडल्यावर एक, अशी स्थिती असेल, तर मुलीने किती वेळ सराव करायचा ते एसटी ठरवते. मुलगा सायकलवरून, कोणाच्या मागे बसून उशिरा घरी येतो. मुलीच्या बाबतीत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि शेवटी खेळ सुटतो.

ही गाठ सोडवायला खेळाडूबरोबर निर्णय घेणारीही लागते. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९९७ खेळाडूंत २२ स्त्रिया होत्या. २०२४ च्या पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांच्या जागा निम्म्या-निम्म्या ठेवल्या गेल्या. पण त्याआधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकांत स्त्रिया फक्त १३ टक्के होत्या. मैदानात समता आली, मैदानाच्या कडेला अजून यायची आहे. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षपदी पी. टी. उषा २०२२ मध्ये आल्या, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी कर्स्टी कोव्हेंट्री २०२५ मध्ये. दोघीही आपापल्या जागी पहिल्या स्त्री अध्यक्ष. कोल्हापूर जिल्ह्यातही असं उदाहरण आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळची अंजू तुरंबेकर फुटबॉल खेळत मोठी झाली आणि पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघात तळागाळातल्या मुलामुलींच्या प्रशिक्षणाची धुरा तिने सांभाळली. मुलींच्या सरावाची वेळ, स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, पाळीच्या दिवसांत काय करायचं हे प्रश्न संघाच्या बैठकीत पहिल्यांदा कोण काढतं? बहुतेकदा ज्या बाईने ते स्वतः भोगलेले असतात, तीच.

म्हणून पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या शाळेने आठवी-नववीच्या मुलींसाठी मैदानाचा रोजचा एक तास पक्का केला, त्यावर एक शिक्षिका नेमली आणि त्या तासाला धरून एसटीची फेरी मागून घेतली, तर ती छोटी गोष्ट समजू नये. त्यातून एखादी जगज्जेती निघेल किंवा निघणार नाही. पण २०२६ साली तेरा वर्षांची असलेली, तिथे उड्या मारणारी प्रत्येक मुलगी २०७६ मध्ये त्रेसष्ट वर्षांची असेल, आणि या दोन वर्षांत हाडांत साठवलेली शिल्लक तेव्हा तिच्या कामी येईल.